१६५ हर्ट्‌झचा मॉनिटर अधूनमधून काळा होतो: दोष शेवटी परसात सापडला

त्रास असा. मॉनिटर चालता चालता दोन-तीन सेकंद काळा होतो आणि आपोआप परत येतो. पीसी बंद पडत नाही. गेमचा आवाज चालू असतो, हेडफोनमध्ये धाकटा भाऊ ओरडत असतो, फक्त चित्र नसते. चित्र परत येते तेव्हा आपण मेलेलो असतो. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही. तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढचे वाचा. पीसी पूर्ण रीस्टार्ट होत असेल किंवा निळी स्क्रीन येत असेल तर तो वेगळा आजार, त्याबद्दल खाली थोडेसेच आहे.

माझा मॉनिटर २७ इंची, २५६० बाय १४४० चा, १६५ हर्ट्‌झ. म्हणजे सेकंदाला १६५ चित्रे. डिसेंबर २०२३ मध्ये घेतला. घर गोव्यात प्रियोळला, कुळागराच्या म्हणजे माडापोफळींच्या बागेच्या कडेला, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचे जुने घर. नोकरी कुंडईला, त्यामुळे खेळणे संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी. हा तपशील उगाच देत नाही, निदान शेवटी वेळ आणि जागा यांवरूनच झाले.

मार्च २०२४ मध्ये पहिल्यांदा स्क्रीन काळी झाली. मे महिन्यात कहर झाला. मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून नवीन टाकला, मॉनिटरचा अ‍ॅडॅप्टर बदलला, शेवटी विंडोजच नव्याने टाकले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्रास थांबला. मी खूश. मित्रांना सांगत सुटलो की विंडोज परत टाकल्यावर सगळे ठीक झाले. पुढच्या फेब्रुवारीत तो परत आला, आणि मी ज्यांना ज्यांना सल्ला दिला होता त्यांच्याकडे तोंड लपवायची वेळ आली.

आधी काळेपणा ओळखा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी, स्क्रीन काळी असते त्या दोन सेकंदांत तीन गोष्टी बघायच्या. पहिल्या वेळी जमत नाही, कारण आपण शिव्या देण्यात गुंतलेलो असतो. दोन-चार वेळांनी सवय होते.

मॉनिटरखालचा छोटा दिवा बघा. तो विझला तर मॉनिटरला वीजच पोचत नाही: अ‍ॅडॅप्टर, त्याची पिन, एक्स्टेन्शन बोर्ड, यांच्याकडे वळा. दिवा पेटलेलाच असेल तर वीज आहे, बहुधा सिग्नल तुटतोय. माझा पेटलेला होता, तरी मी अ‍ॅडॅप्टर बदलला. का, ते विचारू नका.

स्क्रीनवर मोबाइलची टॉर्च तिरकी धरा. काळ्या स्क्रीनवर चित्र अगदी फिकट दिसत असेल तर सिग्नल ठीक आहे आणि मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, जातोय. तो घरी सुटणारा प्रश्न नाही. वॉरंटी असेल तर बिल शोधा. मॉनिटर किंवा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

आणि कान उघडे ठेवा. यूएसबी काढताना-लावताना विंडोज जो टिंग-टाँग आवाज करते, तो काळेपणाच्या वेळी आला तर विंडोजच्या मते मॉनिटर चक्क उपटला गेला होता. माझ्याकडे तो आवाज पाचातून तीन वेळा यायचा.

ड्रायव्हरचा संशय असेल तर तो फेडणे सोपे आहे. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून सिस्टमच्या नोंदींत त्या वेळेच्या आसपास ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला आणि सावरला की विंडोज ही नोंद करते. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद उत्तर दिले नाही की विंडोज ड्रायव्हरला हलवून जागे करते, म्हणून तो काळेपणाही दोन-तीन सेकंदांचाच असतो आणि माणूस फसतो. कर्नल-पॉवर ४१ दिसले तर पीसी नीट बंद न होता गेला होता, म्हणजे बहुधा वीज, एसएमपीएस किंवा तापमान. माझ्याकडे दोन्ही नव्हत्या. विंडोजच्या नोंदवहीत काहीच घडले नव्हते. मी ही नोंदवही पहिल्याच दिवशी उघडली असती तर विंडोज परत टाकण्यात गेलेला रविवार वाचला असता.

आणखी एक: काळी झालेली स्क्रीन आपोआप परत येतच नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबून बघा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र आले तर पीसी जिवंत होता हे कळते.

केबलची गोष्ट

सिग्नल तुटतोय म्हटल्यावर पहिला संशय केबलवर घ्यायचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. थोडे गणित करा. २५६० गुणिले १४४० पिक्सेल, प्रत्येकाचे २४ बिट, सेकंदाला १६५ वेळा. साडेचौदा गिगाबिटच्या वर जाते, आणि चित्रांच्या मधल्या मोकळ्या वेळेची भर धरली की आणखी थोडे. मॉनिटर ज्या जोडणीने लावतात त्या डिस्प्लेपोर्ट १.२ ची उपयोगी क्षमता १७.२८ गिगाबिट. म्हणजे बस भरलेली आहे, दारात लोक लटकताहेत. तेच ६० हर्ट्‌झला सव्वापाच गिगाबिटच लागतात. म्हणून जी केबल जुन्या मॉनिटरला चार वर्षे निमूट चालली ती गेमिंग मॉनिटरला लावली की त्रास देते. केबल बिघडलेली नसते, तिच्याकडून कोणी एवढे काम घेतलेलेच नसते.

शिवाय इथे चुकलेला बिट परत मागवायची सोय नाही. इंटरनेटवर पाकीट हरवले तर परत पाठवतात. मॉनिटरला पुढचे चित्र सहा मिलिसेकंदांत हवे असते, मागचे कोण मागत बसणार? थोडे बिट चुकले तर ठिपके चमकतात. जास्त चुकले तर कार्ड आणि मॉनिटर यांचा ताळमेळच सुटतो, आणि दोघे परत पहिल्यापासून वेग ठरवतात. याला लिंक ट्रेनिंग म्हणतात. रेंज नसलेल्या जागी फोनवर ‘हॅलो, ऐकू येतंय? आता येतंय?’ चालते ना, तसे. आपले काळे दोन सेकंद म्हणजे ती ‘हॅलो हॅलो’.

माझी केबल तीन मीटरची होती, कारण टेबल खिडकीशी आणि कॅबिनेट कोपऱ्यात. परीक्षा सोपी: मॉनिटर ६० हर्ट्‌झवर ठेवा आणि दोन दिवस बघा. माझा त्रास ६० वर जवळजवळ थांबला, १२० वर कमी झाला, १६५ वर पुन्हा पूर्ववत. मग दीड मीटरची, प्रमाणित केलेली डिस्प्लेपोर्ट केबल मागवली आणि कॅबिनेट टेबलाखाली आणले. चाराचे एक झाले, पण शून्य झाले नाही. इथे बहुतेकांचे शून्य होते. तुमचे झाले तर इथेच थांबा, पुढचे वाचायची गरज नाही.

केबल घेताना एक बघा. डिस्प्लेपोर्टची विसावी पिन ३.३ व्होल्टची असते, आणि मानकाप्रमाणे दोन यंत्रे जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ती जोडलेलीच नसायला हवी. काही स्वस्त केबलींमध्ये ती जोडलेली असते. मग पीसी बंद असतानाही मॉनिटरकडून कार्डाला वीज झिरपते आणि विचित्र प्रकार होतात: पीसी बंद केल्यावर दिवे मिणमिणत राहतात, किंवा मॉनिटर जोडलेला असला की पीसी सुरूच होत नाही आणि केबल काढली की लगेच होतो. असे काही दिसले तर ती केबल दुसऱ्या कोणाला देऊ नका, कापून टाका.

एचडीएमआयवर जाऊन बघायलाही हरकत नाही. एचडीएमआय २.० ची उपयोगी क्षमता १४.४ गिगाबिट, म्हणून त्यावर या मॉनिटरला १६५ मिळणार नाही, १४४ वर समाधान मानावे लागते. मी बघितले. एचडीएमआयवरही काळे व्हायचे. म्हणजे पोर्टही नाही, केबलही पूर्ण गुन्हेगार नाही.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला

मी जे शेवटी केले ते सुरुवातीलाच करायला हवे होते. भिंतीवरच्या कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान फाडले, उलटे करून टेबलाला चिकटवले, आणि स्क्रीन काळी झाली की घड्याळ बघून मिनिटासकट वेळ लिहायला लागलो. सोबत त्या क्षणी घरात काय चालले होते ते. आठ दिवसांचे पान असे दिसत होते:

रवि. सकाळी ८.५२. आई मिक्सर.
सोम. सायं. ६.४१. काही नाही.
मंगळ. सायं. ६.३८. काही नाही.
बुध. नाही. (वीज नव्हती)
गुरू. सायं. ६.४४. फ्रिज?
शनि. सकाळी ८.४९, सायं. ६.४०.
रवि. सकाळी ८.५५, सायं. ६.३७.

मिक्सरवर आणि फ्रिजवर माझा संशय होता. पण सगळ्या ओळींच्या वेळा बघा. सकाळी नऊला थोडे कमी, संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. घरात काही नव्हते, कुळागरात होते. आमचा मानाय, म्हणजे बागेतला गडी, सकाळी आणि संध्याकाळी दीड-दोन तास माडापोफळींना पाणी सोडतो. विहिरीवरचा पंप दोन हॉर्सपॉवरचा, स्टार्टर मागच्या पडवीत. आणि पावसाळ्यात कुळागराला पाणी लागत नाही. जूनमध्ये त्रास का थांबला याचे अर्धे उत्तर इथे मिळाले. विंडोजचा त्यात काही हात नव्हता.

मला वाटले जिंकलो. पंप सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, घरातले दिवे क्षणभर मंद होतात, व्होल्टेज पडते, मॉनिटर गचका खातो. सरळ आहे. म्हणून यूपीएस आणला. पीसी आणि मॉनिटर दोन्ही त्यावर घातले. दुसऱ्या दिवशी ६.४३ ला स्क्रीन काळी.

मग पडवीत जाऊन बसलो. मानाय म्हणाला, ‘बाब, पंप बंद करतां हां!’ आणि त्याने बटण दाबले. आतून भाऊ ओरडला, ‘गेली!’

बंद करताना. सुरू करताना नव्हे. पंप लावताना दिवे मंद होतात, पण स्क्रीनला काही होत नाही. बंद करताना दिव्यांना काही होत नाही, स्क्रीन जाते. म्हणजे व्होल्टेज पडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि यूपीएस त्यावर काही करू शकणार नव्हता. मोटर आणि स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल म्हणजे तांब्याची गुंडाळी. तिच्यातला करंट अचानक तोडला की ती उसळते, एक अतिशय आखूड पण उंच व्होल्टेजचा झटका वायरिंगमध्ये सोडते. स्टार्टरच्या आत त्या क्षणी निळी ठिणगी दिसते, ती तीच. हा झटका फेज आणि न्यूट्रलमधून येतो, तसा अर्थिंगच्या वायरमधूनही येतो. साधा यूपीएस वीज असताना मेन्स तशीच पुढे सोडतो, आणि अर्थिंगची वायर तर सरळ आरपार जाते.

पण पंप शेजाऱ्यांकडेही आहेत, पीसी त्यांच्याकडेही आहेत. माझ्याचकडे का?

अर्थिंग

इथे मला आईची माफी मागायला हवी. मार्चमध्ये तिने दोनदा सांगितले होते, ‘अरे, तुझा तो डबा पुसताना हाताला झिणझिण्या येतात.’ मी म्हटले स्टॅटिक असेल. गोव्याच्या दमट हवेत, अनवाणी पायांनी, ओल्या फडक्याने पुसताना स्टॅटिक? विचारही केला नाही.

प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, म्हणजे वायरिंगमधला असला गोंगाट पत्र्यावरून अर्थिंगमध्ये निघून जावा. अर्थिंग धड असेल तर छान. अर्थिंग तुटलेले असेल तर गोंगाटाला जायला वाट नाही, आणि पत्रा मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून झिणझिण्या. पण तो पत्रा म्हणजेच डिस्प्लेपोर्टच्या केबलचे कवच, दोन्ही एकमेकांना जोडलेले. मॉनिटरचा अ‍ॅडॅप्टर दोन पिनांचा, त्याला अर्थिंगशी देणेघेणे नाही. तेव्हा पंपाचा झटका बाहेर जायची वाट बंद दिसली की केबलच्या कवचावरून मॉनिटरकडे धावतो, आणि आतला भरलेल्या बसचा सिग्नल हेलकावतो.

वायरमन काकांना बोलावले. त्यांनी मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २२८, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट असावेत, तिथे ३८. ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘अर्थिंगला पाणी कधी घातलंस?’ मी म्हटले, अर्थिंगला पाणी घालतात?

हे मोजमाप स्वतः करू नका. वायरमनला बोलवा आणि समोर उभे राहून आकडा लिहून घ्या. बल्ब फेजला आणि अर्थिंगला लावून बघायची जुनी रीत तर मुळीच नको. अर्थिंग खराब असेल तर घरातले प्रत्येक लोखंडी यंत्र त्या वेळी जिवंत होऊ शकते, आणि घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो तसाही पडेल.

अर्थिंगचा खड्डा तुळशीच्या मागे, परसात. झाकण काढले. आत जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, अडीच मीटरचा, भोवती मीठ आणि कोळसा. वडिलांनी घर वायरिंग केले तेव्हाचा. माती पार पांढरी-लाल आणि पिठासारखी कोरडी. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि आमची जमीन चिऱ्याची: सच्छिद्र, पाणी सोडून देणारी. मेपर्यंत वरचे थर ठणठणीत. कोरड्या मातीत वीज मुरत नाही. पाइपाच्या डोक्यावरची पकड गंजून तिचे पापुद्रे सुटले होते. तार तिच्यात नुसती टेकलेली होती, काकांनी बोट लावले तर हलली. मीठ ओलावा धरते हे खरे, पण तेच मीठ वीस-पंचवीस वर्षांत पाइप आणि पकड खाऊन टाकते. पाऊस पडला की खड्डा ओला, गंजलेला सांधाही थोडाफार काम करू लागतो. जूनमध्ये त्रास का थांबला याचे हे उरलेले अर्धे उत्तर.

काकांनी जुना पाइप तिथेच सोडून शेजारी नवा खड्डा काढला. या वेळी मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट, म्हणजे फुगणारी चिकणमाती घातली. तार तांब्याची, पकड नटबोल्टने आवळून वर ग्रीस. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टवर आला. अर्थिंग कसे असावे याची भारतीय संहिता आहे, आयएस ३०४३. वायरमनला तिचे नाव माहीत असेल तर माणूस बरा समजावा. पंपाच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर नावाचा छोटा तुकडाही बसवून घेतला, तो उसळी तिथल्या तिथे गिळतो. आणि पंपाची लाइन माझ्या खोलीच्या लाइनवरून काढून मुख्य बोर्डापासून वेगळी नेली.

त्या संध्याकाळी पंप दहा वेळा लावला-बंद केला. मानाय वैतागला. स्क्रीन हलली नाही.

तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून टाकणारे किंवा तीनाचा दोन करणारा अ‍ॅडॅप्टर लावणारे लोक मला माहीत आहेत. झिणझिण्या थांबवायला म्हणून कापतात. याने झिणझिण्या वाढतात, शिवाय एसएमपीएस बिघडला तर पत्र्यावर पूर्ण मेन्स येतो आणि फ्यूजही उडत नाही.

ज्यांच्याकडे पंप नाही

पर्वरीला फ्लॅटमध्ये माझा चुलत भाऊ राहतो. त्याची स्क्रीनही अशीच जायची, आणि अर्थिंग ठणठणीत. त्यालाही वेळा लिहायला लावल्या. काही जुळेना. मग त्याच्या बायकोने सांगितले, ‘हे चहा घ्यायला उठले की जाते.’ खुर्ची! गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून झटकन उठले की खुर्चीच्या धातूच्या भागांवर साठलेला चार्ज फुटतो आणि त्याची लहर जवळच्या केबलला पकडते. ऐकायला थापेसारखे वाटते, पण हा माहीत असलेला प्रकार आहे. एसी दिवसभर चालून हवा कोरडी झालेली असली की जास्त. त्याने केबल खुर्चीपासून दूर, टेबलाच्या मागून नेली आणि दोन्ही टोकांना फेराइटचे मणी (गोंगाट अडवणाऱ्या कड्या) लावले. पुरे झाले. दहा वेळा उठून-बसून बघायला पैसे लागत नाहीत.

इन्व्हर्टरवाल्यांनी मागची बाजू बघावी. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना नॉर्मल आणि यूपीएस असे दोन प्रकार निवडायचे बटण असते. नॉर्मलवर असेल तर वीज जाताना बदली सावकाश होते. पीसीचा एसएमपीएस पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्यापेक्षा उशीर झाला की रीस्टार्ट. बटण यूपीएसवर ठेवा.

लोडिंगच्या वेळी किंवा मेनूत स्क्रीन काळी न होता उजेड लुकलुकत असेल तर तो व्हीए जातीच्या पॅनलवर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमुळे (फ्रेमच्या वेगाप्रमाणे मॉनिटरचा वेग बदलणारी सोय) होणारा प्रकार. फ्रेम खूप वर-खाली होतात तेव्हा दिसतो. त्या गेमपुरते सिंक बंद करा किंवा फ्रेमना मर्यादा घाला.

पावसातले पाहुणे

उन्हाळा सुटला तर पावसाळा आहेच. गणेश चवथीच्या आठ दिवसांत पीसीला हात लागला नाही, आणि नंतर सुरू करायला गेलो तर पंखे फिरतात, चित्र नाही, मदरबोर्डवर मेमरीचा पिवळा दिवा. या वेळी परसात गेलो नाही. प्लग काढला, रॅम काढली. सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर. पांढऱ्या खोडरबराने हलके पुसले, कण झटकले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन एक हात. टक्क आवाज येईपर्यंत परत बसवली. चालू. समुद्राजवळच्या घरांत, मिरामार-कळंगुटकडे, हे आणखी लवकर होते, खारी हवा. उपाय म्हणजे पावसाळ्यात रोज निदान तासभर पीसी चालू ठेवणे. आतली ऊब ओल धरू देत नाही. आणि गरम पीसीवर प्लॅस्टिकचे आवरण घालू नका, आत घाम येतो.

दुसरा पाहुणा म्हणजे मुंगी. ऊब आणि उजेड बघून ती मॉनिटरच्या थरांमध्ये शिरते आणि पडद्यावर चालताना दिसते. बोटाने चिरडायची नाही. ती तिथेच मेली की कायमची राहते, पिक्सेल मेल्यासारखी. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा, कडेला टेबललॅम्प ठेवा आणि जेवायला जा. बहुतेक वेळा ती उजेडाकडे निघते. माझी एक निघाली नाही. डाव्या कोपऱ्यात, टास्कबारच्या थोडी वर आहे.

काळ्या स्क्रीनचा त्रास मात्र गेल्या उन्हाळ्यात एकदाही झाला नाही. फेब्रुवारी लागला की आई सकाळी तुळशीला पाणी घालते, आणि उरलेला अर्धा तांब्या मागच्या खड्ड्यात ओतते.